हरणदोडीचे कुल



आपल्या बेळगाव-निपाणी मुलखात शेतांच्या कुंपणांना आणि रानाच्या कडेच्या झुडपांना विळखे घालीत चढणारी, जुनी झाली म्हणजे बुंध्याशी लाकडासारखी टणक होणारी आणि आपल्या हिरव्या फुलांचे गुच्छ पानांत बेमालूम मिसळून टाकणारी हरणदोडी शास्त्राच्या दप्तरात जितक्या वेळा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, तितक्या वेळा फारच थोड्या वेली गेल्या असतील.

१६८९ साली मलबारच्या वनस्पतींवरील व्हान ऱ्हीड यांच्या ग्रंथाच्या नवव्या खंडात ती ‘वट्टकाककोडी’ म्हणून नोंदली गेली. १७८२ मध्ये लिनीअसच्या पुत्राने तिला ॲस्क्लेपिअस प्रजातीत घातले, रॉबर्ट ब्राउनने होया प्रजातीत, हूकरने १८८३ मध्ये ड्रेजिया प्रजातीत, आणि १९०४ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करताना कूकने मार्सडेनिया प्रजातीत. पुढे १९२२ च्या सुमारास स्टाफने तिला त्याच जुन्या मलबारी संज्ञेवरून आलेल्या ‘वट्टकाका’ प्रजातीत घातले.

हा धरसोडीचा प्रकार नव्हे. रुईचे वा तिच्याच गोत्रातल्या हरणदोडीचे फूल भिंगाखाली धरले, तर परागकण सुटे नसून मेणासारख्या पुंजांत घट्ट बांधलेले दिसतात, आणि असे दोन-दोन पुंज एकाच चिमट्याला जोडलेले असून कीटकाचा पाय त्यात अडकला की जोडीच्या जोडी उचलली जाते. ॲस्क्लेपिअसमध्ये हे पुंज खाली लोंबतात, हरणदोडीत ताठ उभे राहतात. तेव्हा लिनीअसपुत्राचे स्थान टिकणे शक्यच नव्हते.

याच परागपुंजांच्या आधारावर ब्राउनने १८१० मध्ये रुईचे कुल कण्हेरीच्या, म्हणजे करवीर कुलापासून निराळे काढले, आणि पावणेदोनशेहून अधिक वर्षे ती सरहद्द बहुतेकांनी मान्य केली. परंतु वैद्यलोक कृष्णसारिवा म्हणून ज्या दोन वेली वापरतात, त्यांतील इक्नोकार्पसचे पराग सुटे असतात, तर क्रिप्टोलेपिसचे चार-चार कण एकत्र चिकटून पळीसारख्या अवयवावर गोळा होतात. सुट्या परागापासून मेणाच्या पुंजापर्यंत अशी पायरीपायरीने वाट जात असेल, तर मध्येच दगड रोवून दोन कुले कशी पाडावी? रुईवर्गीय वनस्पती करवीर कुलाचीच एक शाखा आहेत, ही शंका पुष्कळांना पूर्वीच होती. आनुवंशिक द्रव्याच्या पुराव्याने ती पक्की झाली आणि १९९८ च्या नव्या वर्गीकरणात दोन्ही कुले एक झाली. मला हा निर्णय सर्वथा रास्त वाटतो, कारण त्याने ब्राउनचे निरीक्षण खोटे ठरत नाही, ब्राउनने आखलेली सीमा तेवढी मागे घेतली जाते.

आमचा बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे येथील वनस्पतींसाठी कूकचा ग्रंथ आजही उघडावा लागतो, आणि त्यात बेळगावकडे नमुने गोळा करणाऱ्या डॉ. रिची यांचा दाखला वारंवार भेटतो. तो ग्रंथ हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने इतके ध्यानात ठेवावे, की करवंद आणि कण्हेर त्यात एका प्रकरणात आहेत, रुई आणि हरणदोडी दुसऱ्या. आज त्यांची पाने एकत्रच वाचावयाची आहेत.