शब्दांची मालकी

(गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने भाषेवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण बाजारात वस्तूची किंमत ठरण्यापूर्वी तिचे नाव ठरलेले असते. आणि नाव ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती पुष्कळदा किंमतही जाते. म्हणून लेखक भाषेत नवे शब्द कसे आणतात, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या बाहेरचा नाही.

इंग्रजीच्या शब्दसंपत्तीचे आपल्याकडे फार कौतुक होते. ती संपत्ती आली कोठून, हे मात्र थोडेच पाहतात. ‘रोबोट’ हा शब्द घ्या. चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून तो इंग्रजीत गेला आणि मग जगभर पसरला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ, म्हणजे जमीनदारासाठी भूदासाने फुकट करावयाचे काम. चापेकने तो शब्द शून्यातून निर्माण केला नाही. राबणाऱ्यांच्या इतिहासातला शब्द उचलून त्याने त्याला नवे काम दिले. आपला ‘घेराव’ इंग्रजी कोशात गेला, त्याला तर कोणी नाटककारही लागला नाही. १९६० नंतरच्या दशकात बंगालमधील कामगारांच्या लढ्यांनी तो तेथे पोहोचवला.

मराठीत काय झाले? लोकहितवादींनी १८४९ साली इंग्रजी अर्थशास्त्राची ओळख करून दिली, ती ‘लक्ष्मीज्ञान’ या नावाने. १८५४ साली हरि केशवजींनी त्याच शास्त्राला ‘देशव्यवहारव्यवस्था’ म्हटले. दोन्ही नावे मागे पडली आणि ‘अर्थशास्त्र’ टिकले. सावरकरांच्या राजकारणाशी आपले कधी जमले नाही. पण त्यांच्या नावावर जमा असलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द आपण रोज वापरतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि परिभाषा कोश काढले. तेही काम आवश्यकच होते. परंतु हे सारे शब्द वरून खाली आले. काही रुजले, काही फायलींतच राहिले.

दुसरी रीत कोणती, हे समजण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला आले आणि तेथील तळे व रान त्यांच्या लेखनाचा विषय झाले. पक्ष्यांच्या वसाहतींना मराठीत नेमके नाव नव्हते. त्यांनी कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ म्हटले. हे संस्कृत वळणाचे शब्द सुंदर आहेत. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम निराळे आहे. गोंड, धीवर, रानात हिंडणारे गावकरी आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे जाणकार यांच्याजवळ बसून त्यांनी झाडांची, पाखरांची, माशांची नावे ऐकली आणि ग्रंथांत उतरवली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ती नावे मागे राहिली. शेजारच्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश केला, तोही याच जातीचा उद्योग. हे शब्द आधीपासून होतेच. त्यांना छापील मराठीत मानाची जागा नव्हती, ती या लेखकांनी मिळवून दिली.

आता या मानाचा भाकरीशी काय संबंध, ते सांगतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत आहे. परंतु कायद्याच्या कोशात ते झाड ठरले आणि बुरडाचा व आदिवासीचा हात बांधला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू वनोपजात धरला. तरीही शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला आपल्याच रानातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकार मिळायला २०११ साल उजाडले. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ साली. एका शब्दाचा अर्थ सुधारायला या देशाला नव्वद वर्षे लागली!

आणि ज्या कायद्याचे आपण स्वागत केले, त्यातही एक शब्द बसलेला आहे: ‘गौण वनोपज’. तेंदूपत्ता गौण, मोहफूल गौण. कोणाच्या दृष्टीने गौण? सागवानाचे घनफूट मोजणाऱ्या खात्याच्या दृष्टीने. मे महिन्यात पहाटे रानात शिरून, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून दुपारी फळीवर नेणाऱ्या बाईच्या घरात ते उत्पन्न गौण नसते. खरिपाच्या बियाण्याचा पैसा अनेकदा तेथूनच येतो. जे गौण म्हटले गेले, त्याचा भाव, त्याचा हिशेब आणि त्याचा बोनसही गौणच राहतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? मोर्च्याच्या पत्रकात आपण दिल्ली-मुंबईची परिभाषा उतरवून काढतो, ती सवय थोडी कमी करावी. गावात गेल्यावर जवळ वही असावी. बोडी, पाळ, फळी, पुडके, निस्तार या शब्दांनी लोक आपला हक्क कसा सांगतात, ते ऐकून लिहून ठेवावे. निस्तार हा शब्द जुन्या मध्यप्रांताने आपल्याला दिला, आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तो आजही आहे. पण आपल्यातील किती जणांनी गावाचे निस्तार पत्रक उघडून पाहिले आहे?

शेवटी एक सूचना. ग्रामसभेच्या ठरावात कायद्यासाठी ‘गौण वनोपज’ लिहावेच लागेल, ते लिहा. पण त्याच्या पुढच्याच ओळीत तेंदू, मोहफूल, चारोळी, डिंक अशी एकेक नावे लिहा, आणि ‘ही आमची मुख्य उपजीविका आहे’ हे वाक्य विसरू नका. शब्दाची दुरुस्ती तेथून सुरू होईल.