आधी कॉपी, मग लाईट, मग अपडेट

(महासंघाच्या मासिक सभेत आपल्या ऑफिसातल्या हिशोबनीस ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं, "ऑफिसचा कॉम्प्युटर सारखा अपडेट करा म्हणतोय, मग तुम्ही करत का नाही?" खरं सांगते, मी घाबरत होते.

तीन वर्षांपूर्वीची मार्चअखेर. गटांच्या कर्जाचे प्रस्ताव दुसऱ्या दिवशी बँकेत द्यायचे होते. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायला गेले, तर स्क्रीनवर आलं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. शेवटची एसटी चुकेल म्हणून मी सरळ बोर्डाचं बटण बंद केलं. सकाळी कॉम्प्युटर चालूच होईना. दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकलं, पण आतला हिशोब गेला. कॉपी कुठेच नव्हती. मग तुमच्याच गटांच्या वह्या आणि पासबुकं मागवली आणि आम्ही तिघी आठ दिवस बसून सगळं परत भरलं. प्रस्ताव उशिरा गेले. ज्या बायांना शेळ्या घ्यायच्या होत्या त्यांचा बाजार हुकला. चूक माझी होती.

त्यानंतर मी दुसरी चूक केली. भीतीपोटी अपडेट करणंच सोडलं.

विंडोजमध्ये कुठे फट सापडली की ती बुजवायला कंपनी अपडेट पाठवते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला. तो फाइलींना कुलूप लावायचा आणि पैसे मागायचा. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम अडलं. ती फट बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलं होतं. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. म्हणजे हे काही लांबचं नाही.

आपण शेळीला आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घेतो. शेळी पडल्यावर लस शोधून काय उपयोग? अपडेटचंही तसंच आहे.

आता आपल्या ऑफिसात आम्ही अशी पद्धत ठेवली आहे:

पहिलं, कॉपी. हिशोबाची कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. मग पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवायचा. लावलेलाच राहिला तर व्हायरस त्यातल्या फाइलींनाही कुलूप लावू शकतो.

दुसरं, वेळ. मार्चअखेर, ऑडिट किंवा प्रस्तावाच्या आदल्या दिवशी अपडेट नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज' आहे, त्याने थोडे दिवस पुढे ढकलता येतं. पण पुढे ढकलणं म्हणजे सोडून देणं नव्हे. दोन कॉम्प्युटर असतील तर आधी एकावर करा, दोन-तीन दिवस बघा, मग दुसऱ्यावर. अपडेटमध्येही कधी चूक निघते. १९ जुलै २०२४ ला सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट आलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले.

तिसरं, लाईट. ज्या वेळी लाईट नक्की असते तीच वेळ धरा. छोटा यूपीएस थोडीच मिनिटं तग धरतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला पाहिजे.

चौथं, धीर. टक्के एकाच आकड्यावर अडकलेले दिसले तरी बटणाला हात लावायचा नाही. म्हणून हे काम सकाळी, एसटीच्या वेळेला नाही.

पाचवं, खोटं अपडेट ओळखा. खरं अपडेट सेटिंग्जमध्येच मिळतं. एखाद्या वेबसाइटवर लाल पाटी आली, "व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा", तर फोन करू नका. कुणी फोनवर कॉम्प्युटर दुरून चालवायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपला कॉम्प्युटर कुठला ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट इथे दिसतं. तिथे १० दिसलं तर विंडोज ११ चालतं का, ते जाणकाराकडून तपासून घ्या. जुन्या मशीनवर ते चालेलच असं नाही. तसं असेल तर नव्या कॉम्प्युटरचा खर्च यंदाच्या बजेटमध्येच धरावा लागेल, ते सभेत बोलू.

शेवटी एक मागणं. प्रत्येक ग्रामसंघाने ठरावाच्या वहीत एक पान काढावं: कॉपी कधी घेतली, अपडेट कधी केलं, कुणी केलं, सही. कॉम्प्युटर ऑफिसचा असला तरी आत पैसे तुमचे आहेत. त्या वर्षी आपण वाचलो ते तुमच्या वह्यांमुळे. म्हणून वह्या लिहिणंही सोडू नका.