परदेशी निघताना औषधांची पिशवी

(ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नगर जिल्ह्यातील संगमनेर असो, राहुरी असो वा पाथर्डी, आज गावोगावी अशी घरे आहेत की ज्यांचा एक मुलगा पुण्यात आणि दुसरा अमेरिकेत किंवा दुबईत आहे. नातवंडाच्या आगमनाची वार्ता येते, आई-वडिलांचा व्हिसा होतो आणि घरात बांधाबांध सुरू होते. भाजणी, मेतकूट, लोणचे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू या प्रत्येकाचे वजन काट्यावर होते. तेवीस किलोंच्या मर्यादेत काय बसवायचे यावर घरातल्या घरात संसदेसारखी चर्चा चालते. या सगळ्यात औषधे मात्र अखेरच्या रात्री, प्लॅस्टिकच्या एका पिशवीत कोंबली जातात. साठी उलटलेल्या दांपत्याच्या सामानात वास्तविक सर्वांत मोलाची वस्तू तीच असते.

पहिली चूक घडते ती कात्रीमुळे. जागा वाचावी म्हणून गोळ्यांच्या पट्ट्या कापल्या जातात, किंवा गोळ्या काढून कापराच्या रिकाम्या डबीत भरल्या जातात. पट्टीच्या एका टोकाला औषधाचे नाव आणि दुसऱ्या टोकाला मुदत, अशी आपल्याकडची छपाई असते. पट्टी कापली की गोळी अनामिक होते. परक्या देशाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला ती रक्तदाबाची की अन्य कशाची, हे कळण्यास मार्ग उरत नाही. म्हणून औषध मूळ वेष्टनात, दुकानाच्या बिलासह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावे.

ही चिठ्ठीदेखील कोणती, हा प्रश्न आहेच. आपल्याकडील डॉक्टर बहुधा कंपनीने ठेवलेले नाव लिहितात. ते नाव कोपरगावच्या औषधविक्रेत्याला तोंडपाठ असते, पण न्यू जर्सीच्या औषधविक्रेत्याला त्याचा काहीही बोध होत नाही. भारतीय वैद्यक परिषदेने 2016 साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे असे सांगितले. व्यवहारात काय चालते ते सर्वांस ठाऊक आहे. निदान प्रवासापूर्वी तरी डॉक्टरांना विनंती करून आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि रोजच्या गोळ्यांची संख्या नमूद केलेले इंग्रजी पत्र त्यांच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी घ्यावे. संकोच करण्याचे कारण नाही. त्या पत्रास दहा मिनिटे लागतात.

नावांचा घोळ येथेच संपत नाही. जगभर ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात, त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन हे नाव आहे. दम्याचे सालब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते आणि मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड होते. अंगात कणकण आहे म्हणून वडिलांनी नगरहून नेलेली क्रोसिन घ्यावी आणि सुनेने काळजीपोटी वर टायलेनॉल द्यावी, तर एकच औषध दोनदा पोटात जाते. मात्रेबाहेर गेल्यास हेच साधे औषध यकृताला गंभीर इजा करते.

अमेरिकेत औषध किती न्यावे, याविषयीही गैरसमज फार. मुक्काम सहा महिन्यांचा असतो, तेव्हा औषधेही सहा महिन्यांचीच नेली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सर्वसाधारण दंडक मात्र स्वतःच्या वापरापुरत्या नव्वद दिवसांचा आहे. मुक्काम त्याहून दीर्घ असेल, तर उरलेले औषध मागाहून टपालाने मागविता येते. त्यासोबत डॉक्टरांचे पत्र, इंग्रजी चिठ्ठी आणि पासपोर्ट व व्हिसाची प्रत जोडावी लागते. ही कागदपत्रे घरी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे निघण्यापूर्वीच ठेवली, तर पुढची धावपळ वाचते.

अमेरिकेत बहुतेक वेळा प्रश्नोत्तरांवर निभावते, पण आखाती देशांत तसे नाही. आपल्याकडे झोपेसाठी सहजपणे दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, वेदनांसाठीचे ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, इतकेच नव्हे तर मधुमेहींच्या पायांच्या जळजळीवर दिले जाणारे प्रीगाबालिन ही सर्व संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे आहेत. त्यांच्यासाठी तेथील शासनाची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. आपल्या घरात जी गोळी देवघराशेजारच्या फडताळात निर्धास्त पडलेली असते, ती तेथे तुरुंगाचे दार उघडू शकते. 2017 साली एक ब्रिटिश महिला ट्रॅमाडॉलच्या 290 गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरली. त्या आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आहेत, असे तिचे म्हणणे होते. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. हा केवळ परदेशी कायद्याचा कठोरपणा समजू नये. भारतानेही एप्रिल 2018 मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले.

आणि येथे भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. खसखस हे औषध नव्हे, पण अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये ती निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातील बी आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतांतून ती उघडपणे बाजारात येते आणि वाण्याकडे मिळते. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापले जातात, डिंकाच्या लाडवात ती पडते आणि नगरकडच्या काळ्या मसाल्यात ती भाजून दळलेली असते. मसाल्यातील खसखस डोळ्यांना दिसत नाही, हेच खरे संकट. दुबईच्या लेकीसाठी मसाला करायचा तर तो तिच्याविना करावा. चवीत थोडे उणे राहील, पण लेक ते मनावर घेणार नाही.

आयुर्वेदाविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी ज्या नगरात आयुर्वेदाचे महाविद्यालय आणि औषधशाळा उभी केली, तेथे आयुर्वेदाच्या थोरवीबद्दल कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु अभिमान हा सावधपणाचा शत्रू होऊ नये. 2004 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने निर्यात होणाऱ्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी 2006 च्या आरंभापासून सक्तीची केली. शास्त्रोक्त शोधनाने सिद्ध केलेले रसौषध आणि निष्काळजीपणे केलेले मिश्रण यांतील भेद वैद्याला कळतो, विमानतळावरील यंत्राला कळत नाही. पुडीत बांधलेले, नाव-गाव नसलेले भस्म परदेशी नेणे म्हणजे त्या शास्त्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. वैद्यांना विचारून प्रवासाच्या काळापुरता वनस्पतीजन्य पर्याय घ्यावा, तोही मोहोरबंद आणि घटकांची यादी छापलेला.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी आहे. त्याला धोका कायद्याचा नसतो, तर उष्णतेचा आणि गोठण्याचा असतो. नगरहून निघालेले कुटुंब मे महिन्याच्या उन्हात रस्त्याने पुण्याला किंवा मुंबईला पोहोचते. काकडी येथील शिर्डी विमानतळ 2017 साली सुरू झाला खरा, पण परदेशी जाणाऱ्याला अजून मोठ्या विमानतळाचीच वाट धरावी लागते. बंद मोटारीच्या डिकीत दोन तास राहिलेले इन्सुलिन निकामी होऊ शकते. विमानाच्या पोटातील सामानात ठेवले तर गोठण्याचे भय असते आणि बॅग चुकली तर ते गेलेच. म्हणून इन्सुलिन, सुया आणि किमान काही दिवसांच्या सर्व गोळ्या हातातील पिशवीतच असाव्यात. पातळ पदार्थांना शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे, परंतु आवश्यक औषधांना चिठ्ठी दाखविल्यास सवलत मिळते. ती मागावी लागते, इतकेच.

घड्याळाचा प्रश्न याहून नाजूक. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. जाताना दिवस चोवीस तासांऐवजी जवळजवळ चौतीस तासांचा होतो, परतताना तो तितकाच आखडतो. अशा दिवशी मात्रा किती आणि कधी घ्यावी, हे शेजाऱ्याला किंवा सहप्रवाशाला विचारण्याचे काम नव्हे. विमानाचे वेळापत्रक घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ते तासांनुसार लिहून घ्यावे.

शेवटचा विषय दुसऱ्याच्या पुडक्याचा. जाणाऱ्याचे तिकीट निश्चित झाले की आळीतून कोणीतरी येतेच. "काकू, आमच्या बाळ्यासाठी एवढे औषध न्याल ना?" नाही म्हणणे आपल्या संस्कारांत बसत नाही. पण 2019 च्या जुलैमध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे कतारला गेले. नात्यातील एका वडीलधाऱ्या स्त्रीने त्यांच्याजवळ एक पाकीट दिले होते, तंबाखू म्हणून सांगून. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांनाही दहा वर्षांची शिक्षा झाली. ती तरुणी गर्भवती होती आणि तिची मुलगी कारागृहातच जन्माला आली. भारताच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने मुंबईत तपास करून फसवणूक उघड केली, दूतावासाने पाठपुरावा केला आणि मार्च 2021 मध्ये ते निर्दोष सुटले. एप्रिलमध्ये ते मुंबईत परतले, तेव्हा त्यांच्या कडेवर एक वर्ष उलटून गेलेली मुलगी होती.