मीटिंग चार वाजता ठेवा

आवाज नीट येतोय ना? मी पनवेलला घरूनच रेकॉर्ड करतोय. खाली रिक्षावाले सीट भरतायत, त्यामुळे मध्येच 'स्टेशन, स्टेशन' ऐकू आलं तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात माझ्या कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. सेकंड इयरला आहे, आपल्या पनवेलचाच. तिथे क्विअर मुलामुलींचा ग्रुप आहे, त्याच्या समन्वयकाची निवडणूक आहे आणि याला उभं राहायचंय. म्हणाला, "दादा, पोस्टरवर मी बौद्ध आहे हे लिहू का? सगळे म्हणतायत, इथे जात कशाला आणतोस." मी म्हटलं, रविवारी सांगतो. खरं तर मला उत्तर येत नव्हतं. २०१८ मध्ये मी त्याच जागेसाठी उभा होतो. ३१ जणांत मला ९ मतं पडली, त्यातलं एक माझंच.

ते वर्ष आठवत असेल तुम्हाला. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाचा ३७७चा निकाल आला. संमतीने केलेलं समलिंगी प्रेम हा गुन्हा नाही. मी फायनल इयरला, लॅबमध्ये बसलेलो, मोबाईल टेबलाखाली. बातमी वाचली आणि सरळ उठून टॉयलेटमध्ये जाऊन रडलो. बाहेर आलो तर मित्र म्हणाला, "काय रे, कोड रन होत नाही म्हणून एवढं?"

त्यानंतर महिनाभरात आमचा ग्रुप सुरू झाला. मीटिंग संध्याकाळी सात वाजता, वांद्र्याच्या एका कॅफेत. कॉफी अडीचशे रुपये. बोलणं सगळं इंग्रजीत. मी नऊला उठायचो, वडाळ्याला गाडी बदलायची, हार्बरने पनवेल, घरी पोचायला अकरा. आई जागी असायची. "प्रोजेक्ट होतं" हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा बोललो असेन देव जाणे. म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण तोंडात बसलंय.

ग्रुपमध्ये ओळख करून देताना प्रत्येकाने नाव आणि सर्वनाम सांगायचं, ही पद्धत मला आवडलेली. मी नाव सांगितलं. एकाने सहज विचारलं, "आणि आडनाव?" आडनाव सांगितल्यावर तो छान हसून म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुला तर कोट्यातून मिळालं असेल." वाईट माणूस नव्हता तो. आजही माझ्या संपर्कात आहे. म्हणून तर जास्त लागलं.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे सगळं गोड होतं. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या बॅनरचं डिझाईन दरवर्षी मी करायचो. २०१९च्या १४ एप्रिलच्या आधी कमिटीतल्या कुणाला तरी माझ्याबद्दल कळलं. कुणी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "बॅनर तू कर, पण यंदा तुझा फोटो नको." मी बॅनर केला. सगळ्यांचे फोटो कापून लावले, माझा सोडून.

आता तुम्ही म्हणाल, ग्रुपमध्ये हरलास तर कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत उभा राहायचंस. भावांनो, तिथे निवडणूक होती कुठे? १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या थेट निवडणुका बंद केल्या. ज्याला मार्क जास्त तो सीआर. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, २०१९ मध्ये वेळापत्रकही आलं, मग ते पुढे ढकललं गेलं. माझ्या चार वर्षांत मी मतपेटी पाहिली नाही.

पण त्या कायद्याचं कलम ९९ एकदा वाचा. परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, आणि एक प्रतिनिधी एससी, एसटी, भटके-विमुक्त किंवा ओबीसी यांच्यातून, आळीपाळीने. मी इंजिनीअर आहे, मला हे डेटाबेससारखं दिसतं. दोन रकाने आहेत. दलित मुलगी असेल तर तिने कुठल्या रकान्यात बसायचं ते तिने ठरवायचं. ट्रान्स विद्यार्थिनी असेल तर तिला महिला मानायचं का, हे कोण ठरवणार? माझ्यासारखा गे मुलगा राखीव जागेवरून आत जाऊ शकतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा बाहेर चपलांपाशी. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली होती, विद्यापीठाच्या समान संधी मंडळावर एलजीबीटीक्यू समुदायाला जागा देणारी. सभागृहात त्यावरून बराच गदारोळ झाला. खरं भांडण कुलगुरू कोण निवडणार याचं होतं. २०२२ मध्ये सरकार बदललं, विधेयक मागे घेतलं गेलं, आणि त्यासोबत आमची जागाही गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

रकान्याची ही भानगड कोर्टात कशी सुटली हे बघायचं तर कॉलेज सोडून गावात जावं लागतं. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीने ग्रामपंचायतीला महिलांसाठी राखीव वॉर्डातून फॉर्म भरला. छाननीत तो बाद झाला, का तर तृतीयपंथीयांसाठी जागा राखीव नाही. म्हणजे वेगळा रकाना नाही म्हणून आहे त्या रकान्यातही नाही! त्या थेट औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१च्या सुरुवातीलाच न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निकाल दिला, की स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा अधिकार त्यांना आहे, फॉर्म स्वीकारा. १५ जानेवारीला मतदान झालं आणि त्या निवडून आल्या.

मला यातली एक गोष्ट टोचते. आपण पुढे कधी पुरुष म्हणून लाभ घेणार नाही, असं त्यांना कोर्टात सांगावं लागलं. वॉर्डातल्या दुसऱ्या कुठल्या बाईला असं वचन द्यावं लागलं असेल?

आणि आणखी एक बघा. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे यांना थेट सरपंच केलं. दिशा पिंकी शेख, कवयित्री, श्रीरामपूरच्या, वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. त्याच पक्षाने २०२४ मध्ये शमिभा पाटील यांना रावेरमधून विधानसभेला उभं केलं. त्या हरल्या, पण पोस्टरवर नाव होतं. तरंगफळ, श्रीरामपूर, रावेर, भादली. यातलं एकही ठिकाण वांद्र्याच्या आसपास नाही. आम्ही कॅफेत बसून 'गावाकडचे लोक कधी बदलणार' यावर चर्चा करत होतो.

तर माझ्या जाहीरनाम्यात तीनच गोष्टी होत्या. मीटिंग कॉलेजच्या आवारात दुपारी चार वाजता ठेवा. मराठी-हिंदीत बोललेलं चालेल असं आधी जाहीर करा. कॉफीची सक्ती नको. जातीचा शब्दही नव्हता, मुद्दाम टाळला होता. तरी भाषण झाल्यावर एकजण म्हणाली, "तू आपल्यात फूट पाडतोयस." वेळेचं सांगितलं तरी त्यांना जात ऐकू आली, आणि मी मात्र दहा मिनिटं 'नाही नाही, तसं नाही' म्हणत बसलो. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात, मतं नाही. तसंच होतं, हे म्हणायला हवं होतं. चार वाजता का, तर शेवटच्या गाड्यांनी लांब जाणारे आम्ही कोण आहोत ते बघा, कोणाच्या घरी स्वतंत्र खोली नाही ते बघा, कोणाचा बाप फी भरताना कर्ज काढतो ते बघा. याला तुम्ही काय म्हणता ते म्हणा.

रविवारी मी ज्युनिअरला हेच सांगितलं. म्हटलं, लिहायचं की नाही तो तुझा निर्णय, कारण पोस्टर लागल्यावर पनवेलला घरी परत तुला एकट्याला यायचंय. घरी माहीत आहे का? म्हणाला, ताईला माहीत आहे. वस्तीत? गप्प बसला. मी म्हटलं, मग घाई नको, आधी वेळेचं लिही, आणि कोणी विचारलं तर 'नाही' म्हणू नकोस.

काल रात्री त्याने पोस्टरचा फोटो पाठवला. मराठीत आहे, फॉन्ट भयानक आहे. वर त्याचं नाव, आडनावासकट. खाली लिहिलंय: पहिली मीटिंग बुधवारी चार वाजता, लायब्ररीच्या मागे, चहा ज्याचा त्याने आणायचा. कोपऱ्यात छोटंसं निळं अशोकचक्र आहे आणि त्याच्या शेजारी सप्तरंगी पट्टा. मी विचारलं, हे ताईने पाहिलं का? उत्तर आलं, "तिनेच काढलंय, दादा."

फॉन्ट मात्र मी बदलून देणार आहे.