अध्यक्षीय भाषण : बिनतारी चिप आणि काळ्या जमिनीचा वापसा

एस्प्रेसिफ सिस्टिम्स ही बिनतारी चिप तयार करणारी कंपनी सिंगापूरच्या तिओ स्वी आन यांनी २००८ साली शांघायमध्ये सुरू केली. कंपनीचा स्वतःचा चिप-कारखाना नाही. आराखडा तिचा आणि उत्पादन तैवानच्या टीएसएमसीचे, अशी वाटणी आहे. तिचे एक कार्यालय पुण्यात असून तिथे सॉफ्टवेअरचे काम चालते. परभणी जिल्ह्यातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी ‘मोबाइलवरून मोटार’ किंवा ‘ओलावा मोजून ठिबक’ असा प्रकल्प करायला घेतो, तेव्हा त्याच्या टेबलावर बहुधा याच कंपनीची चिप असते.

कंपनीचे नाव जगभर झाले ते २०१४ साली, ईएसपी८२६६ या चिपमुळे. त्याआधी एखाद्या यंत्राला वायफाय जोडायचे तर हजारो रुपयांचा बोर्ड लागे. तेच काम या चिपमुळे काहीशे रुपयांत होऊ लागले. अडचण होती ती वेगळीच. चिपची माहिती सुरुवातीला चिनी भाषेत होती. जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी ती इंग्रजीत आणली, चुका शोधल्या, नमुना-प्रोग्रॅम लिहून वाटले. कंपनीने या मंडळींना अडवले नाही. उलट त्यांच्यातल्या काहींना नोकरीवर घेतले. कंपनीच्या पुढच्या वाढीचे खरे बीज या भाषांतरात आहे.

वाढीचे आकडे पाहावेत. २०१८ मध्ये कंपनीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४७.५ कोटी युआन होते. जुलै २०१९ मध्ये तिचे समभाग शांघायच्या बाजारात आले, आणि त्या वर्षीचे उत्पन्न ७५.७ कोटींवर गेले. २०२१ मध्ये ते १३८.६ कोटी झाले. २०२२ साली घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मागणी जगभर आटली आणि उत्पन्न १२७.१ कोटींवर घसरले. २०२३ मध्ये १४३.३ कोटी, तर २०२४ मध्ये सुमारे २००.७ कोटी युआन, म्हणजे एका वर्षात चाळीस टक्के वाढ. विकलेल्या चिपची एकूण संख्या २०१८ च्या आरंभी दहा कोटी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती शंभर कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. मागणी घटलेल्या वर्षातही संशोधनाचा हात आखडता घेतला नाही, ही या कंपनीची जमेची बाजू.

मालही बदलत गेला. २०१६ च्या सप्टेंबरात ईएसपी३२ आली. तिच्यात दोन प्रोसेसर आणि वायफायच्या जोडीला ब्लूटूथ होते. २०२० च्या अखेरीस जाहीर झालेल्या सी३ चिपमध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या आदेशसंचावर चालणारा प्रोसेसर आहे. हा आदेशसंच वापरायला कोणाला परवाना-शुल्क द्यावे लागत नाही; आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसरही त्यावरच उभा आहे. पुढच्या सी६ मध्ये वायफाय-६ आले.

ईएसपी३२ चे मोड्यूल हातात घेतले तर ते टपालाच्या तिकिटाएवढे, १८ मिलिमीटर रुंद आणि २५.५ मिलिमीटर लांब असते. बहुतेक भाग पत्र्याच्या झाकणाखाली. एका कडेला तांब्याची बारीक नागमोडी रेघ उघडी दिसते, तीच अँटेना. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर बोलते, तिथे लहरीची लांबी सुमारे २३० मीटर, म्हणून उंच मनोरा उभारावा लागतो. वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून तिला नखाएवढी रेघ पुरते. शेतात वापरायचे तर पहिला प्रश्न पल्ल्याचा. लहर आखूड, तसा पल्लाही तोकडा. कमरेएवढ्या कपाशीतून शेतातल्या आखाड्यापर्यंत वायफाय भरवशाने पोहोचत नाही. तिथे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातला, लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ जोडावा लागतो.

दुसरा प्रश्न विजेचा. वायफायवर संदेश पाठवताना ही चिप सुमारे २४० मिलिअँपिअर खेचते, गाढ झोपेत फक्त १० मायक्रोअँपिअर. २,४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतत बोलत्या चिपला दहा तास पुरेल. झोपलेल्या चिपचा हिशेब कागदावर सत्तावीस वर्षांचा येतो. बॅटरी स्वतः तेवढी टिकत नाही, पण तासातून काही सेकंद जागे होणारे यंत्र हंगाम सहज काढते. लाईट कधी रात्री, कधी पहाटे येणाऱ्या गावात हा हिशेब महत्त्वाचा आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र चिपचा नाही, जमिनीचा आहे. जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत काळी भारी जमीन भरपूर. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भेग नेमकी ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या पात्याशी पडली तर पाते मातीऐवजी हवा मोजते आणि जमीन आहे त्याहून कोरडी दाखवते. दुसऱ्या मातीवर बेतलेले आकडेही चिकणमातीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शेतकरी मूठभर माती दाबून वापसा, म्हणजे मशागतीयोग्य ओल, ओळखतो. यंत्राला तो ओळखायला लावायचा तर तीच माती ओव्हनमध्ये वाळवून, वजन करून, सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहावी लागते. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ड्रोन, यंत्रमानव आणि डिजिटल शेतीचे प्रशिक्षण-संशोधन हाती घेतले आहे. माती, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी तिन्ही इथेच आहेत, म्हणून हे काम इथे व्हायला हवे.

चिप शांघायची असो, तिला कपाशीचा वापसा शिकवणारा प्रोग्रॅम परभणीतच लिहिला जाऊ शकतो. त्यासाठी लागणारी माहिती आज इंग्रजीत आणि चिनीत आहे. गावातल्या मोटार-दुरुस्ती करणाऱ्या मुलाला ती वाचता येत नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपल्या प्रकल्पांचे अहवाल कपाटात न ठेवता सोप्या मराठीत, जोडणीच्या आकृत्यांसह आणि फसलेल्या मोजमापांसह खुले करावेत. या परिषदेने त्याची सुरुवात एका पुस्तिकेने करावी : काळ्या जमिनीतला ओलावा कसा मोजावा.