गडाची वाट, गडाचं पाणी, गडाची माणसं

मी जासईहून बोलतेय. गेल्या वेळी आपण पापड-लोणच्याच्या पॅकिंगवर बोललो होतो. आज विषय एकदम वेगळा आहे, किल्ल्यांचा. हसू नका! ‘बचत गटाच्या बायकांना किल्ल्याचं काय?’ असं ज्यांना वाटतंय त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला, जिंजीचा. या बारांपैकी दोन आपल्या रायगड जिल्ह्यात आहेत. एक खुद्द रायगड आणि दुसरा थळच्या समोर समुद्रातला खांदेरी. तेव्हापासून गटागटातून सहली निघू लागल्यात. आपण जातो, फोटो काढतो, डबा खातो आणि उतरतो. पण हा गड शत्रूपासून वाचायचा कसा, त्याची रचना अशी का केली, हे विचारायचं राहूनच जातं.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. कितीही जाड भिंत असली तरी ती फक्त वेळ मिळवून देते. शत्रू भिंतीबाहेर महिनोन्‌महिने बसून राहिला, तर आतल्यांनी तग धरायचा कशावर? पाण्यावर, धान्यावर आणि एकमेकांवरच्या भरवशावर. म्हणून गड बांधणाऱ्यांनी भिंतीइतकाच विचार या गोष्टींचा केला.

पहिली गोष्ट, जागा आणि वाट. युरोपात राजे-सरदार सपाट जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यावर आधी लाकडाचे आणि मग दगडाचे किल्ले बांधत, भोवती पाण्याचा खंदक खणत. आपल्या सह्याद्रीत निसर्गाने काळ्या कातळाचे उभे कडे आयतेच दिलेत. जिथे कडा सरळ तुटलेला आहे तिथे भिंतीची गरजच नाही. जिथून माणूस चढू शकेल तेवढ्याच जागी तट बांधायचा. त्यामुळे दगड वाचला, मजुरी वाचली आणि पहाऱ्याला माणसंही कमी लागली.

रायगडाचा महादरवाजा आठवा. पायऱ्या चढून दम लागतो, तरी दरवाजा समोर दिसत नाही. दोन मोठ्या बुरुजांच्या कुशीत तो लपलेला आहे. वाट वळते आणि मग अचानक दरवाजा पुढ्यात येतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. लांबून तोफ डागली तर गोळा बुरुजाला लागेल, दाराला नाही. हत्तीला धावत येऊन दाराला धडक द्यायला सरळ जागाच मिळत नाही. आणि वळणावर आलेला शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. या रचनेला गोमुखी म्हणतात. बुरूज गोल का असतात? चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याआड शत्रू लपू शकतो आणि गोळा बसला की कोपरा लवकर ढासळतो. गोल बुरुजावरून सगळीकडे नजर जाते. युरोपातल्या लोकांनाही हे अनुभवाने कळलं आणि तिथेही पुढे गोल बुरूज आले.

हिरकणीची गोष्ट तर आपल्याला पाठच आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि ती कडा उतरून गेली. ही लोककथा आहे. पण तिचा शेवट बघा. महाराजांनी तिचा मान केला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. जिथून एक आई खाली उतरू शकते तिथून शत्रू वरही चढू शकतो. आपली उणी बाजू ज्या बाईमुळे कळली, तिला शिक्षा नाही, साडीचोळी. आणि उणी बाजू लगेच बंद. आपल्या बैठकीत कुणी हिशेबातली चूक दाखवली तर आपण तिला काय देतो, एवढं मनात विचारून बघा.

आता शेजारच्या डोंगराचं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिलं. राज्य कसं चालवावं ते त्यात आहे आणि गडांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात ते बजावतात की गडाच्या जवळ दुसरा डोंगर नसावा. असलाच तर सुरुंग लावून तो फोडावा, नाहीतर त्यालाही तट घालून आपल्या ताब्यात ठेवावा. का, ते इतिहासाने दोनदा दाखवलं. १६६५ साली दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. आधी त्याने शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा डागल्या. मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले आणि शेवटी तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. दुसऱ्यांदा १८१८ साली खुद्द रायगडावर. त्याच वर्षी जानेवारीत कर्नळ प्रॉथरने आपल्या पनवेलजवळचा कर्नाळा घेतला होता. मग तो रायगडाखाली आला. इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून गडावर मारा केला. वाडे जळाले. पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. १० मे १८१८ला गड इंग्रजांच्या हाती गेला. महादरवाजा मोडायची वेळच आली नाही.

दुसरी गोष्ट, पाणी. हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाईला पाण्याची किंमत कळते. आज्ञापत्रात सांगितलंय की गड बांधण्याआधी पाणी बघावं. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत. आणि झरा आहे म्हणून निवांत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धक्क्याने झरे आटू शकतात. म्हणून दोन-चार टाकी वेगळी भरून ठेवावीत आणि त्यांचं पाणी रोजच्या वापराला काढू नये. आहे की नाही आपल्या ‘अडीअडचणीच्या पैशां’सारखं? ते रोजच्या भाजीला काढायचे नसतात.

टाकी खोदण्यात आणखी एक हुशारी होती. खोदून निघालेला दगड वाया जात नसे, त्यातच तट आणि वाडे उभे राहत. रायगडावरचा गंगासागर तलाव असाच झाल्याचं सांगतात. एका खर्चात दगडही मिळाला आणि पाणीही साठलं. आपल्याकडे डोंगर फोडून खडी नेतात आणि मागे नुसता खड्डा उरतो. जुन्या लोकांनी तो खड्डाच कामाला लावला होता. कर्नाळ्याला गेलात तर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी नक्की बघा. एवढ्या उंचीवर शिबंदी राहायची ती या टाक्यांच्या जिवावर.

समुद्रातल्या किल्ल्यांचं तंत्र वेगळं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले दिसतात. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर मोडतो आणि भिंतीला धक्का कमी बसतो. चहूकडे खारं पाणी, तरी आत गोडं पाणी आहे. खांदेरी तर लढता लढता बांधला गेला. १६७९ साली मायनाक भंडारींनी बेटावर काम सुरू केलं आणि इंग्रज नि सिद्दी दोघंही आडवे आले. त्यांची जहाजं मोठी होती. आपल्या होड्या लहान आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या. खाडीतून रात्रीच्या निघायच्या आणि दगड, धान्य, माणसं बेटावर पोचवून परत यायच्या. भरती-ओहोटी आणि वारा ज्यांना घरच्या अंगणासारखा ठाऊक होता, त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी हे काम तडीस नेलं. शेवटी इंग्रजांनी माघार घेतली.

तिसरी गोष्ट, कोठी आणि रोजची निगा. धान्याच्या कोठाराला उंदीर, मुंगी, कीड लागू नये म्हणून जमीन दगडाची, चुन्याने घट्ट केलेली असावी, हेसुद्धा आज्ञापत्रात आहे. तेल-तुपासाठी रांजण असावेत. दारूगोळ्याचं कोठार घरांपासून लांब असावं आणि दारू वरचेवर उन्हात वाळवावी. तटाच्या फटीत उगवलेलं झाड लहान असतानाच कापावं, कारण मुळं वाढली की तीच भिंत फोडतात. आणि कचऱ्याबद्दल काय म्हटलंय? गडावर कुठेही केर पडू देऊ नये. तो खालीही टाकू नये. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. तीनशे वर्षांपूर्वी गडावर परसबाग! तेव्हाच्या केरात प्लास्टिक नव्हतं म्हणून तो जाळता आला. आपला मात्र पिशवीत भरून खाली आणायचा.

मैत्रिणींनो, ही यादी नीट बघा. पाणी भरणं, धान्य राखणं, उन्हं दाखवणं, झाडलोट. याला आपण ‘घरातलं काम’ म्हणून सोडून देतो. गडावर हीच कामं चुकली की गड पडायचा.

चौथी गोष्ट, माणसं. सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराची पद्धत दिली आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघेही एकाच दर्जाचे. हवालदाराकडे किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी आणि पहारा, सबनीसाकडे हिशेब आणि हजेरी. धान्य-दारूगोळ्याच्या कोठीसाठी वेगळा कारखानीस. तिघांनी मिळून कारभार करायचा. एकट्याच्या मनात आलं म्हणून गड शत्रूला देता येऊ नये, यासाठी ही सगळी मांडणी.

तिची गरज किती होती ते ताराराणींच्या काळात कळतं. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. औरंगजेब स्वतः गडामागून गड घेत फिरत होता. पण यातले पुष्कळ गड त्याने भिंत फोडून घेतले नाहीत, किल्लेदारांना पैसे देऊन घेतले. मराठ्यांनी हीसुद्धा खेळी करून टाकली. पावसाळ्यापर्यंत गड झुंजवायचा, शत्रूचा वेळ आणि खजिना खर्च करायचा, पैसे घेऊन गड सोडायचा आणि त्याची पाठ वळली की परत घ्यायचा. औरंगजेब १७०७ साली दख्खनेतच वारला. त्याआधी नाशिकजवळच्या लहानशा रामसेज किल्ल्याने मुघलांना सुमारे पाच वर्षं झुंजवलं होतं.

आपल्या गटातही अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघी असतात. तिघींच्या कामाची वाटणी उगीच केलेली नाही. पासबुक एकीकडे, कॅशबुक तिच्याकडेच आणि कोऱ्या चेकवर दुसरीची सही आधीच घेऊन ठेवलेली, असं जिथे असतं तिथे तीन माणसांचं एकच माणूस झालेलं असतं. ती बाई कितीही चांगली असो. गडाची पद्धत अविश्वासातून आलेली नव्हती. एकट्या माणसावर मोह किंवा धाक यांचं ओझं पडू नये, म्हणून ती होती. तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. पासबुक सगळ्यांसमोर उघडा, शिल्लक मोठ्याने वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी बसून आकडा दाखवा.

आणि सहलीला गेलात की पाच गोष्टी शोधा. दरवाजा कुठे लपवलाय, टाकं कुठे आहे, कोठार कुठे होतं, तटाला झाड कुठे उगवलंय आणि समोर कुठला डोंगर आहे. सोबतच्या मुलांना शोधायला लावा, ती आपल्याआधी सांगतील. टाक्यात हात-पाय धुऊ नका, बाटली टाकू नका. ज्यांनी ते पाणी जिवापाड राखलं त्यांचा तेवढा मान आपण ठेवायलाच हवा.

तुमच्या गटाने कुठला गड पाहिला आणि तिथे काय सापडलं ते केंद्रावर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.