हजेरीपटावरल्या मैत्रिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला आणि विषयही बरेच दिवस मनात घोळत होता, म्हणून दोन शब्द बोलते. गोड मानून घ्यावे.

अलीकडे आपल्या नाशकात शाळेच्या जुन्या सोबत्यांची संमेलने पुष्कळ होऊ लागली आहेत. राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळा होतो, नाशिकरोडच्या प्रेसमधला साठाव्या वर्षी. हाताशी वेळ येतो, मुले आपापल्या मार्गाला लागलेली असतात, आणि मग शाळेचा बाक आठवतो. गेल्या दिवाळीनंतर सासूबाईंच्या वर्गाचे असे संमेलन झाले, तेव्हा त्यांना सोबत म्हणून मी गेले होते. कोणी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त, कोणी शिक्षिका, कोणी सातपूरला नोकरी केलेले. एकाची मुलगी पुण्याला, दुसरीचा मुलगा परदेशी. गुडघेदुखी मात्र सर्वांची सारखी! एकमेकांना एकेरी हाक मारणारे आता जगात थोडेच उरले, म्हणून त्या दिवशी सगळेच लहान झाले होते. पाहून फार बरे वाटले.

परंतु एक गोष्ट मला खटकली. बोलावणी गेली होती ती एस.एस.सी.च्या यादीवरून. सासूबाईंच्या वेळी ती परीक्षा अकरावीला असे, १९७५ च्या सुमारास ती दहावीला आली. अकरावी काय की दहावी काय, त्या यादीत जी नाही ती वर्गातलीच नाही असा हिशेब झाला. सासूबाईंनी विचारले, “अहो, माझ्या शेजारी बाकावर बसायची ती कुठे आहे?” कोणालाच सांगता येईना. ती सातवीनंतर शाळेतून निघाली होती. पुढे लग्न झाले, नाव बदलले, आडनाव बदलले आणि गावही बदलले. मुलगा सापडतो, कारण त्याचे नाव जन्मभर तेच राहते. मुलगी मात्र माहेरच्या नावाबरोबर हरवते.

भगिनींनो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. माझ्या दाखल्यावर तिथे ‘पालकांच्या इच्छेवरून’ असे लिहिले आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दाखल्यावर असेच काही असेल. शाळा आपण सोडली नाही, ती सुटली. मग ज्यांची सुटली त्यांनी मैत्रिणींनाही का मुकावे?

शिकण्याचा मान केवळ परीक्षेच्या यादीवर ठरत नाही, याचा दाखला आपल्याच गावात आहे. रमाबाई रानडे लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकविले. न्यायमूर्तींची बदली नाशकास झाली तेव्हा त्याही इथे राहिल्या, आणि चार लोकांत बोलण्यास त्यांनी याच गावी सुरुवात केली. पुढे १९०९ साली त्यांनी पुण्यास सेवासदन काढले आणि मोठ्या वयाच्या बायकांना शिक्षण दिले. आजची गोष्ट घ्या. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी-दप्तर घेऊन तिथे जाऊ लागल्या.

आता पुढे काय झाले ते ऐका. सासूबाईंनी माहेरच्या नावावरून विचारत विचारत संक्रांतीपर्यंत ती बाकावरची मैत्रीण शोधून काढली. पंचवटीतच राहत होती! आम्ही तिळगूळ घेऊन गेलो. चहा झाला, आणि मग मावशी हळूहळू बोलू लागल्या. यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांना मिळणारी थोडी पेन्शन त्यांच्याबरोबरच संपली असे त्या धरून चालल्या होत्या. परंतु प्रॉव्हिडंट फंडाच्या १९९५ च्या योजनेत पतीच्या मागे पत्नीलाही पेन्शन मिळते. सासूबाईंच्याच वर्गातले एक गृहस्थ कचेरीत नोकरी केलेले. त्यांनी मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक अशी कागदपत्रे जुळवून अर्ज भरून दिला. पेन्शन सुरू झाली, थकबाकीही जमा झाली. रक्कम मोठी नाही, पण औषधासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, असे मावशी म्हणाल्या.

संमेलनात आपण सगळे बरे तेवढे सांगतो. मुलाचा बंगला, नातवाचे मार्क, केलेली यात्रा. ते सांगावेच, त्यात आनंद आहे. पण अडचण सांगायला जवळचे माणूस लागते, आणि लहानपणची मैत्रीण तशी जवळची असते. आपले कुसुमाग्रज याच गावच्या शाळेत शिकले. त्यांच्या ‘कणा’ कवितेतला जुना विद्यार्थी पुराने घर धुऊन नेल्यावर सरांकडे येतो. त्याला पैसा नको असतो, धीर हवा असतो. तो धीर आपणही एकमेकींना देऊ शकतो.

आणखी एक. संमेलनात प्रत्येकीला विचारतात, “कशातून रिटायर झालात?” घरी राबलेली बाई तिथे गप्प बसते. चूल, आजारपणे, बाळंतपणे, सासू-सासऱ्यांची सेवा यांतून निवृत्तीचा दिवस कोणी ठरविलेला नाही. म्हणून विचारायचेच तर “कशा आहात?” असे विचारावे.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात दहावीपर्यंत गेलेलीचे आणि चौथीतून निघालेलीचे, दोघींचेही नाव माहेरच्या नावानेच लिहिलेले असते. आपल्यातल्या ज्या ज्या जणी ज्या शाळेत होत्या, त्यांनी मुख्याध्यापकांना विनंती करून आपल्या वर्गाची नावे मिळवावीत. न मिळाली तर आठवून हजेरी लिहावी. शेजारची कोण, मागच्या बाकावरची कोण, असे म्हणता म्हणता नावे आठवतात. मग सिन्नर, निफाड, दिंडोरी, जिथे दिली असेल तिथे माहेरच्या माणसांकडून निरोप पाठवावा. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, तेव्हा येणे अवघड नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे आपण करतोच. त्याच दिवशी या मैत्रिणींना बोलवावे.

त्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येकीला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारावी, एवढेच माझे मागणे आहे. किती वर्षांत ते नाव कोणी उच्चारले नसेल! ज्या ‘हजर’ म्हणतील त्यांचा आनंद आपण पाहूच. ज्या म्हणणार नाहीत त्यांच्या घरी कोणीतरी एकीने जाऊन यावे.